टाकेरियात पहिल्यांदा जाताना

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्ससारख्या जुन्या मेक्सिकन वस्तीत टाकेरियाच्या, म्हणजे टाको विकणाऱ्या मेक्सिकन खाणावळीच्या, रंग उडालेल्या भिंती आणि डुगडुगणारी टेबले पाहून परत फिरू नका. उभ्या सळईवर मांसाचे थर भाजले जात असतील आणि गिऱ्हाइकांची ये-जा सुरू असेल, तर निःशंकपणे आत जा. प्रथम दोनच टाको मागवा, कारण ज्या मक्याच्या मऊ पोळीत (तोर्तिया) सारण दुमडून टाको बनतो, ती गरम असतानाच खरी रुचकर लागते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- साल्सा (तिखट चटणी) न चाखताच ओतणे. आधी थेंबभर जिभेवर ठेवावा.
- काटा-चमचा मागणे. टाको हातात आडवा धरून मान तिरकी करावी.
- न विचारता मागवणे. ‘कार्नितास’ डुकराच्या मांसाचे, तर ‘लेंग्वा’ गोवंशाच्या जिभेचे असते. शाकाहाऱ्यांनी घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण ती पुष्कळदा असते.