वडिलांच्या नावावरचा टेम्पो, पासिंग संपलेलं, एजंट म्हणतो गाडी आणूच नका. काय करायचं?

ताई, तुमचा मेसेज नीट दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. घर विक्रोळीला, वडिलांच्या नावावर एमएच ०३ चा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो), वडील जाऊन पाच महिने झालेत, पासिंग म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट संपून चार महिने. धाकटा भाऊ त्याच गाडीवर रोज पहाटे वाशी मार्केटमधून भाजी भरून आणतो, घर त्यावरच चालतं. गेल्या आठवड्यात ट्रॅफिक पोलिसांनी अडवून चलान फाडलं. आणि आता एक एजंट म्हणतोय की गाडी न आणता पासिंग करून देतो, फक्त फॉर्मवर वडिलांची सही तुम्हीच मारून द्या. तुम्ही विचारलंय की एजंटकडून करून घ्यावं का, नाहीतर गाडी आरटीओपर्यंत न्यायची कशी, आणि चलान भरायचं की नाही.

पहिलं उत्तर, एजंटला नाही म्हणा, आजच. गेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे बनावट दस्तऐवज करणं, भारतीय न्याय संहितेत कलम ३३६ खाली तो गुन्हा आहे आणि तो कागद खरा म्हणून वापरणं हा कलम ३४० खाली वेगळा गुन्हा. सही तुमची असणार, एजंटची नाही, उद्या काही झालं तर तो फोनही उचलणार नाही. महापालिकेत वडिलांच्या मृत्यूची नोंद आहे, तारीख आहे, आणि त्या तारखेनंतरच्या फॉर्मवर त्यांची सही आहे, हे पकडायला कुणाला फार डोकं लावावं लागत नाही. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण घरातला एक माणूस गेल्यावर दुसऱ्याच्या मागे पोलीस केस लागणं हे तुमच्या आईला सोसणार नाही म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय.

आणि गाडी न दाखवता पासिंग तर नकोच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली एका जनहित याचिकेत आरटीओंना बजावलं होतं की फिटनेसची तपासणी नियमाप्रमाणे प्रत्यक्ष गाडीवर झाली पाहिजे, २५० मीटरच्या ब्रेक टेस्ट ट्रॅकचा विषय तिथूनच राज्यभर गाजला. कोर्टाला एवढं बोलावं लागलं कारण कागदावर पास झालेल्या गाड्यांचे ब्रेक रस्त्यावर लागत नव्हते. तुमचा भाऊ पहाटेच्या अंधारात भरलेली गाडी घेऊन ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर असतो, त्याच्या गाडीचे ब्रेक कुणीतरी खरंच दाबून बघितलेले असले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

आता कायदा नेमका काय म्हणतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६. मालवाहू किंवा भाड्याच्या गाडीकडे चालू फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर ती गाडी कलम ३९ पुरती (रजिस्ट्रेशनशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं सांगणारं कलम) रजिस्टर झालेलीच नाही असं धरतात. म्हणजे आरसी बुक कपाटात आहे, नंबर प्लेट आहे, तरी पासिंग संपलं त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत ती बिननंबराची गाडी. म्हणून चलानवर कलम ३९ आणि १९२ असं दिसतंय. पहिल्या वेळेला दंड २ हजार ते ५ हजार, परत सापडली तर ५ ते १० हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि कलम २०७ खाली पोलीस गाडी जप्त करून ठेवू शकतात. भाऊ म्हणतो ना की चलान झालंय, आता महिनाभर कोण विचारणार, तर तसं काही नसतं, पुढच्या सिग्नलला परत अडवू शकतात आणि तेव्हा तो दुसरा गुन्हा धरला जाईल.

तुम्ही परमिटबद्दलही विचारलंय. त्याची काळजी सोडा. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, छोटा हत्ती त्यात बसतो. पण परमिट नाही म्हणून फिटनेसही नको असं खूप जण समजतात, ते चूक. फिटनेस लागतंच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. तुमची गाडी आठच्या पुढे गेलीय म्हणजे आता दरवर्षी.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तुम्ही लिहिलंय की इन्शुरन्स अजून दोन महिने आहे म्हणून निदान तेवढं तरी ठीक आहे. ताई, पॉलिसीचा कागद काढा आणि मागच्या बाजूच्या अटी वाचा. मोटार पॉलिसीत साधारण असं छापलेलं असतं की विमाधारक वारला तर पॉलिसी लगेच संपत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते, आणि तेवढ्या वेळात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची. वडील जाऊन पाच महिने झाले. म्हणजे पॉलिसीवरची तारीख पुढची असली तरी उद्या काही झालं तर कंपनी याच अटीवर बोट ठेवणार. त्यात पासिंग नाही, म्हणजे दुसरं कारण तयारच. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स प्रकरणात आणि २०२१ मध्ये सुशील कुमार गोदारा प्रकरणात सांगितलंय की रजिस्ट्रेशन चालू नसताना गाडी रस्त्यावर असेल तर तो पॉलिसीच्या मूळ अटीचा भंग, कंपनीने क्लेम नाकारला तर चूक नाही, गोदारांची तर गाडी चोरीला गेली होती तरी. केरळ हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने २०१८ मध्ये थेट फिटनेसबद्दलच हे म्हटलंय. कुणाला धक्का लागला, कुणी जखमी झालं तर अपघात न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. मालक कोण, तर आता तुम्ही वारस. वडिलांनी मागे ठेवलेलं असेल नसेल ते त्यात जाऊ शकतं.

म्हणून गाडी आजपासून उभी करा. मला माहितीये हे लिहिणं सोपं आहे आणि भाऊ म्हणेल की उभी करून खायचं काय. त्यावर एक रस्ता आहे, दोन-तीन आठवडे कागद पूर्ण असलेला दुसरा टेम्पो भाड्याने घेऊन त्याने चालवावा. एजंटने त्याला सांगितलंय की तुझ्याकडे फक्त एलएमव्हीचं (हलक्या गाडीचं) लायसन्स आहे, बॅज (व्यावसायिक गाडी चालवायची वेगळी परवानगी) नाही, त्यामुळे तू अडकशील, ते मनावर घेऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजाज अलायन्झ विरुद्ध रंभादेवी प्रकरणात निकाल दिलाय की साडेसात हजार किलोखालची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. त्याचं लायसन्स चालू आहे ना तेवढं बघा.

आता कामाचा क्रम. विमा कंपनीला आजच ईमेल करा, वडिलांचा मृत्यू दाखला जोडा, पॉलिसी वारसाच्या नावावर करायची आहे म्हणून लिहा, तीन महिन्यांची मुदत गेलीय म्हणून नाही म्हणाले तर ते लेखी मागा आणि नवीन पॉलिसी घ्या. फोनवर बोलून सोडून देऊ नका.

त्याच वेळी गाडी नावावर करायचं काम. कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तसं कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. तुमचं हे दोन्ही राहिलं. दुःखात असताना कुणाला फॉर्म आठवतो, आणि सांगणारंही कुणी नसतं. उशीर झाला म्हणून गाडी नावावर होणार नाही असं मात्र नाही, थोडा दंड भरावा लागतो. फॉर्म ३१, मृत्यू दाखला, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आणि बाकीच्या वारसांचं नाहरकतीचं अॅफिडेव्हिट. हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि भाऊ तिघांचा सारखा हिस्सा आहे, म्हणजे भावाच्या नावावर करायची तर आईची आणि तुमचीही सही लागेल. लग्न झालेल्या मुलीची सही लागत नाही असं एजंटने सांगितलंय म्हणता, ते साफ चूक आहे. तुम्ही खुशीने सोडताय तर सोडा, पण हक्क तुमचा आहे हे माहीत असून सोडा.

आरसीवर अजून फायनान्स कंपनीचं नाव दिसतंय असं तुम्ही लिहिलंय, आणि लोन तर वडिलांनी कधीच फेडलंय. तो बोजा उतरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा संपल्याचा फॉर्म) घ्या, घरी जुन्या फाईलमध्ये सापडला तरी तारीख बघा आणि जुना झाला असेल तर नवीन मागा. ह्याला कधीकधी सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणून याची सुरुवात आधी करा.

इथे एक गाठ बसू शकते. नावाच्या खिडकीवर म्हणतील आधी पासिंग करून आणा, पासिंगच्या खिडकीवर म्हणतील मालक कुठेय, आणि परिवहनच्या पोर्टलवरून ओटीपी जाईल वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर. असं झालं की खिडकीवर वाद घालत बसू नका. वडाळ्याच्या आरटीओमध्ये प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या नावाने एक साधा मराठी अर्ज द्या, की मूळ मालक अमुक तारखेला वारले, गाडी वारसाच्या ताब्यात आहे, नावावर करण्याचा अर्ज सोबत आहे, मोबाईल नंबर बदलून मिळावा आणि फिटनेस तपासणीची तारीख मिळावी. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणायला सांगा. कलम ५० (गाडी नावावर करणं) आणि ५६ (फिटनेस) खालच्या आदेशावर कलम ५७ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येतं, पण हातात कागदच नसेल तर अपील कशावर करणार. महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी काम ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा लोकसेवा हक्क कायदाही आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

अपॉइंटमेंट परिवहनच्या पोर्टलवरून मिळते, कुठल्या जागी गाडी न्यायची तेही त्यावरच येतं. उशिराचे दिवसाला ५० रुपये असा केंद्राचा नियम आहे, चार महिन्यांचे सहा हजारांच्या आसपास होतात, रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी २०२४ मध्ये याच पैशांवरून आंदोलनं केली होती आणि तेव्हा राज्य सरकारने ही वसुली थांबवली होती. एजंट तोंडी जो आकडा सांगतोय तो धरू नका, गाडीचा नंबर टाकल्यावर पोर्टल जी रक्कम दाखवेल तीच भरा, पावती तिथेच निघते.

गाडी न्यायची कशी, तर चालवत नाही, टो करून न्या. पासिंगलाच चाललोय असं सांगितलं म्हणून कलम ३९ मधून सुटका होत नाही आणि वाटेत काही झालं तर वर लिहिलेलं इन्शुरन्सचं सगळं परत उभं राहतं. टोईंगचे पैसे टोचतील, तरी तेवढे घाला. एकाच फेरीत आरटीओजवळच्या सेंटरवर पीयूसी पण करून घ्या. त्याआधी घराजवळच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून ब्रेक, हँडब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, स्टिअरिंगचा प्ले बघून घ्या. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदला, तिथे ताणून काही होत नाही. मागे-पुढे रिफ्लेक्टर टेप, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, स्पीड गव्हर्नर असेल तर त्याचं सर्टिफिकेट. चासी नंबर पुसून साफ ठेवा, भाजीच्या गाडीला खाली चिखल-पाला बसलेला असतो आणि नंबर वाचता आला नाही म्हणून गाडी परत पाठवलेली मी बघितलीय. इन्स्पेक्टरने काही कमी काढलं तर काय कमी आहे ते लिहून घ्या, दुरुस्त करून परत दाखवा, त्यात अपमान काही नाही.

राहिलं चलान. ते ऑनलाइन वडिलांच्या नावावर दिसतंय, पण गाडी चालवत होता भाऊ आणि कलम ३९ चालवणाऱ्यालाही लागतं, त्यामुळे मालक वारले म्हणून चलान रद्द करा असं म्हणून फार काही हाती लागणार नाही. पासिंग खरंच संपलेलं होतं, म्हणजे लढायला मुद्दा नाही. पैशाची ओढ असेल तर येणाऱ्या लोकअदालतीत ठेवता येतं, तिथे बऱ्याचदा कमी रकमेत मिटतं, पण लोकअदालतीची तारीख लांब असेल आणि पोर्टल त्या थकलेल्या चलानमुळे तुमचा अर्ज अडवत असेल तर सरळ भरून टाका, कारण इकडे उशीर वाढतोय आणि गाडी उभी आहे. भरल्याची पावती आरटीओच्या फाईलला लावा, आणि भावाला सांगा की पहिलं चलान आहे म्हणून २ ते ५ हजारांत सुटतोय, नवीन पासिंग हातात येईपर्यंत गाडीची चावी आईकडे द्यावी.