प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही, तर ख्रिस्ती माणूस आशा कशाच्या जोरावर धरतो?

तुम्ही लिहिलंय की वडील चार महिने अंथरुणाला खिळलेत, सोसायटीचं कर्ज थकलंय, आणि एका प्रार्थनासभेत तुम्हाला सांगण्यात आलं, "विश्वास धरा, ते उठून चालतील." ते उठले नाहीत. मग तुम्ही विचारताय, ख्रिस्ती लोक ज्या आशेबद्दल बोलतात ती टिकते का, की नुसती मनाची समजूत?

मी पाळक नाही. बेळगावला उद्यमबागेत लेथवर काम करतो, फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क. आमचं घराणं चार पिढ्या मेथडिस्ट, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाचं. माझी बायको 2022 च्या पावसाळ्यात गेली. तीन वर्षं डायलिसिसवर होती. त्या तीन वर्षांत ज्याला हात लावून बघितलं तेवढंच सांगतो, त्यापलीकडचं देवशास्त्र मला विचारू नका.

2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या होत्या, आठवत असेल तुम्हाला. तुमच्या निपाणी-चिकोडी भागात तर कृष्णा आणि वेदगंगा गावांत शिरल्या होत्या. त्याच आठवड्यात तिचा रिपोर्ट आला, दोन्ही किडन्या गेलेल्या. बीपी कित्येक वर्षांचं, गोळी घ्यायची आठवण झाली तर घ्यायची. चूक आमची होती. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, फौंड्र्या थंडावल्या, माझ्या दोन लेथपैकी एक विकावी लागली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हातात पास घेऊन, पोलिसांना तिच्या दंडावरच्या सुयांच्या खुणा दाखवत आम्ही जायचो.

त्या काळात आम्ही एका सभेला जायला लागलो. कुठल्या ते सोडा. तिथे तिला सांगितलं की सुई टोचून घेणं हाच अविश्वास. माझी बायको साधी होती, पण भोळी नव्हती. तरीही थकलेलं माणूस कशालाही हात घालतं. तिने एक डायलिसिस चुकवलं. दुसऱ्या रात्री फुप्फुसात पाणी, धाप, पडून राहता येईना. पहाटे तीनला रिक्षातून नेली. नंतर त्याच माणसांनी मला विचारलं, घरात कुठलं पाप लपवलंय का? मी सहा महिने चर्चचं दार बघितलं नाही. घरात बायबल होतं, त्यावर लाईटबिलं ठेवायचो.

म्हणून आधी हे सांगतो: तुमच्या वडिलांचं औषध, फिजिओथेरपी, जे काही चालू असेल ते कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. बायबलात आजाऱ्याने औषध सोडावं असं कुठे म्हटलेलं नाही. प्रेषित पौल आपला सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो, आणि पौलाबरोबर फिरणारा लूक स्वतः वैद्य होता.

आता तुमचा खरा प्रश्न. शाळेत आम्हाला एक सुभाषित होतं, तुम्हालाही असेल. आशा ही अशी विचित्र बेडी आहे की जो तिने बांधला गेला तो धावत सुटतो, आणि जो सुटला तो पांगळ्यासारखा बसून राहतो. गुरुजी ते आशा सोडा म्हणून शिकवायचे. मला ते पाठ होतं, पण कळलं डायलिसिसच्या बाकावर बसल्यावर. रक्तातल्या घाणीचा, क्रिएटिनिनचा, आकडा खाली आला की मी धावायचो, देवाचे आभार, शेजाऱ्यांना बातमी, तिच्यासाठी नवी साडी. आकडा वर गेला की पांगळा. माझी सगळी आशा एका लॅबच्या कागदाला बांधलेली होती, आणि तिला मी विश्वास म्हणत होतो.

आमच्या चर्चमधली एक म्हातारी मावशी, निवृत्त नर्स, एकदा घरी आली. मला वाटलं आता उपदेश. तिने लाईटबिलं बाजूला केली आणि स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचलं. वाचून बघा, एका बैठकीत होतं. माणूस देवाला हाका मारतोय, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणतोय, मित्र दूर गेलेत, आणि शेवटचा शब्द अंधार. बस्स, तिथेच संपतं. "परंतु" नाही, "तरीही देव चांगला" नाही. मी म्हणालो, हे खरंच बायबलात आहे? मावशी म्हणाली, "आहे की. लोकांनी देवळात गायलंय हे." 150 स्तोत्रांतली कितीतरी अशी रडण्याची आहेत, पण सभांमध्ये ती कुणी वाचत नाही. मला वाटतं आमच्या लोकांचं हे मोठं नुकसान झालंय. उपासनेत टाळ्या वाजवायला शिकवलं, हंबरडा फोडायला शिकवलं नाही. ज्याच्यापुढे ओरडता येतं असा कुणीतरी ऐकायला आहे, एवढं जरी त्या दिवशी पटलं तरी मला पुरे झालं.

मावशीने दुसरी एक ओळ दाखवली, इब्री लोकांस पत्रातली. तिथे आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. मी मनात म्हटलं, हीपण साखळीच की! सुभाषितातली बेडी आणि नांगराची साखळी, दोन्ही लोखंड. पण कारवारला लहानपणी होड्या बघितल्या होत्या. होडी हलते, आदळते, भिजते, आणि साखळीचं दुसरं टोक होडीत नसतं. ते खाली, दिसत नाही अशा जागी रुतलेलं असतं. माझ्या साखळीचं दुसरं टोक मी होडीतच बांधलं होतं, तिच्या रिपोर्टला. ते सोडून ख्रिस्ताला बांधायचं म्हणजे काय, हे कळायला मला वर्ष लागलं. सांगायला एका प्रसंगाचा आधार घेतो.

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. मी यंत्राचा माणूस. मोटर नीट चालते का ते हात ठेवून कळतं मला. रोज रात्री मी तिच्या हातावर बोटं ठेवायचो. थरथर आहे, म्हणजे उद्या सुई लागेल. तो दंड फुगलेला, गाठीगाठींचा, सुयांच्या खुणांनी भरलेला. ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची, लग्नकार्यात पदर ओढून घ्यायची.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य थोमा म्हणतो, येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण बघून त्यात बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. हे लहानपणापासून ऐकलेलं. पण एका रात्री बोटं तिच्या हातावर असताना अचानक लक्षात आलं की मेलेल्यांतून उठलेल्या शरीरावर व्रण तसेच आहेत. देवाला ते पुसता आले नसते का? मग बिनव्रणाचा, गुळगुळीत येशू का नाही आला? मी तिला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हा हात फुकट जाणार नाही." त्यानंतरच्या ख्रिसमसला तिने अर्ध्या बाहीचा ब्लाउज घातला. ती बरी झाली नाही, तब्येत उलट घसरतच होती. तुम्ही याला मनाची समजूत म्हणू शकता, मी वाद घालणार नाही. पण मनाची समजूत आम्ही आधी करून बघितली होती, रिपोर्टच्या आकड्यांची. ती आठवडाभर पुरायची. हे शेवटपर्यंत पुरलं.

जुलैमधल्या एका पहाटे बोटांखालची थरथर थांबली. मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

पंडिता रमाबाईंबद्दल मात्र आवर्जून सांगतो, कारण सुखात बसून आशेवर बोलणारी माणसं पुष्कळ असतात. 1858 मध्ये आपल्याच आजच्या कर्नाटकातल्या घाटात जन्मलेली बाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण काही काळात गेले. भावाबरोबर पायी भटकत कलकत्त्याला पोचली, 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न केलं, 1882 मध्ये नवराही गेला, पदरात लहान मनोरमा. ख्रिस्ती झाल्या त्या या सगळ्यानंतर, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये. पुढे 1896-97 च्या दुष्काळात स्वतःची उपासमार आठवून शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. आणि शेवटी, जिच्या हाती सगळं काम द्यायचं ती मनोरमा 1921 मध्ये, रमाबाईंच्या आधी गेली. त्या वेळी बाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी हातावेगळं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये गेल्या. मुलगी गेल्यावरही रोज टेबलाशी बसून शब्दाला शब्द शोधणारी ती म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर असते. रोमकरांस पत्रात संकटापासून धीर, धीरापासून कसाला उतरलेलं मन, आणि मग आशा, असा क्रम दिलाय. आशा सर्वांत शेवटी. आपण ती आधी मागतो, अॅडव्हान्समध्ये.

आता तुम्ही काय करावं. मी असतो तर आज रात्री 13 वं स्तोत्र मोठ्याने वाचलं असतं. सहाच ओव्या आहेत म्हणा ना. सुरुवात "किती वेळ?" अशी आहे, त्या जागी सोसायटीचा हप्ता, वडिलांच्या पाठीवरची जखम, जे असेल ते नावानिशी घालायचं. देवाला चांगलं वाटेल असं बोलायची गरज नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र चांगलं बोला, आणि नोटीस यायच्या आधी स्वतः जाऊन हप्ते पाडून मागा. मी गेलो नव्हतो, आणि लेथ विकायची वेळ आली.

एकट्याने हे ओढू नका. आमच्या डायलिसिसच्या खोलीत एक कन्नड टेक्निशियन होता, हुक्केरीकडचा, लिंगायत मुलगा. सुई लावायच्या आधी दर वेळी मला विचारायचा, "ऊट आयता?" जेवलात का. तीन वर्षांत त्याने देवाचं नाव एकदाही काढलं नाही, आणि माझ्या चर्चच्या अर्ध्या लोकांपेक्षा त्याने मला जास्त सावरलं. आमच्या गल्लीतली मराठा वहिनी रविवारी तांदळाच्या भाकऱ्या आणून द्यायची, गणपतीत मोदकही. देव आपल्याच माणसांकडून मदत पाठवेल असा हट्ट धरू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कधी कधी सकाळ होऊच नये असं वाटतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तसं पुन्हा वाटलं तर 14416 ला फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही लागते, घरच्या भाषेत बोलता येतं. मी सहा महिने कुणाशी बोललो नव्हतो, त्याने काही साधलं नाही.

उपासनेला यावंसं वाटलं तर या. बेळगावात आमची मराठी उपासना वेगळी आणि कन्नड वेगळी असते, मागच्या बाकावर बसलेल्याला कुणी उठवत नाही. धर्म बदलायला या असं मी म्हणत नाहीये. ईस्टरच्या पहाटे आम्ही काही जण दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन जातो, उजाडेपर्यंत गातो, मग तिथेच थर्मासमधला चहा. माझा आवाज अजून तिसऱ्या कडव्यापर्यंत टिकत नाही.

रात्री आठनंतर मी मोकळा असतो, इथेच लिहा. पण आधी एवढं कळवा, वडील आज काय जेवले, आणि तुम्ही जेवलात का.