अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी शॉटगन अजून लोकप्रिय आहे का? न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलंय, ग्रीन कार्ड आहे. ओळखीचे म्हणतात, "शॉटगन घे, नेम धरावा लागत नाही."

शॉटगन, म्हणजे एका बारात अनेक छर्रे उडवणारी लांब बंदूक, लोकप्रिय आहे, पण पहिल्या नंबरावर नाही, आणि ही गोष्ट आजची नव्हे. प्यू रिसर्चच्या २०१७ च्या पाहणीत ज्यांच्याकडे एकच बंदूक होती त्यांच्यातल्या ६२ टक्क्यांकडे हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर), २२ टक्क्यांकडे रायफल आणि १६ टक्क्यांकडे शॉटगन होती. घरात हँडगन ठेवण्याच्या हक्कावरच्या २००८ च्या हेलर निकालात सुप्रीम कोर्टानेच कारणं देऊन ठेवली आहेत: हँडगन हाताशी ठेवता येते, झटापटीत हिसकावून घेणं अवघड जातं, दंडात फार ताकद लागत नाही, आणि एका हाताने रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन करता येतो. शॉटगनच्या बाबतीत या चारही गोष्टी उलट्या. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता "नेम धरावा लागत नाही" या वाक्याकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच. आमच्या मंडळात एक गृहस्थ आहेत. गणपती असो की दिवाळी, नवीन घर घेतलेला कोणी दिसला की ते त्याला हे वाक्य ऐकवतात. वर पुस्ती ठरलेली: "नुसता पंप ओढल्याचा आवाज आला तरी चोर पळतो." (पंप म्हणजे काडतूस वर आणण्यासाठी मागे-पुढे ओढायची नळीखालची मूठ.) त्यांच्याशी वाद घालून मी थकलो आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

बारा बोर हे शॉटगनच्या नळीचं नेहमीचं माप, व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. डबल-ऑट बकशॉटच्या (मोठ्या जनावरांसाठीच्या जाड छर्ऱ्यांच्या) पावणेतीन इंची काडतुसात ८.४ मिलिमीटरचे आठ किंवा नऊ छर्रे असतात. (भारतात बारा बोर हाताळलेल्यांना सांगायचं तर आपल्या एसजीच्या जवळचं. खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस पाहिलं असेल तर लगेच कळेल.) हे छर्रे नळीतून बाहेर पडल्याबरोबर पसरत नाहीत. वॅड नावाच्या प्लास्टिकच्या पेल्यात ते गठ्ठ्याने निघतात आणि अंतराबरोबर हळूहळू फाकतात. जुना अडाखा यार्डामागे एक इंचाचा, तोही चोक (नळीचं आवळलेलं टोक) नसलेल्या नळीचा आणि साध्या काडतुसाचा. घरात बेडरूमच्या दारापासून जिन्यापर्यंत अंतर असतं पाच-सात यार्ड. म्हणजे फार तर तळहाताएवढा पसारा. फेडरलच्या फ्लाइटकंट्रोल वॅडचं काडतूस असेल तर मुठीपेक्षाही कमी. तीन यार्डांवर तर पुठ्ठ्याला एकच फाटकं भोक पडतं आणि त्याच्या कडेला वॅडच्या पाकळ्यांचे ठसे उमटतात. नेम चार इंच चुकला तर सगळे छर्रे चार इंच बाजूनेच जातात, आणि बाजूला बहुतेक मुलांच्या खोलीची भिंत असते.

ती भिंतही विटांची नव्हे. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, मधे पोकळी. डबल-ऑट अशा एका भिंतीत थांबत नाही. दोन-तीन भिंती पार करून जातो.

मग ते गृहस्थ म्हणतात, "म्हणूनच बारीक छर्रे भरा, साडेसात नंबर, भिंत वाचते." भिंत फार वाचत नाहीच, शिवाय काम होत नाही. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने ठरवलेला निकष असा की दारूगोळा चाचणीच्या (मांसाच्या जागी वापरायच्या) जिलेटीनमध्ये १२ ते १८ इंच शिरला पाहिजे. साडेसात नंबरचा छर्रा फक्त २.४ मिलिमीटरचा, तो पाच-सहा इंचांतच अडकतो. जखम भयंकर दिसते, पण उथळ. जाड जॅकेटवर तर आणखी उथळ. पक्ष्यांचं काडतूस पक्ष्यांसाठीच ठेवा. मधला मार्ग हवा असेल तर चार नंबरचा बकशॉट (६.१ मिलिमीटरचे २७ दाणे) किंवा एक नंबरचा (७.६ मिलिमीटर) पाहा. माझं मत विचाराल तर आठ दाण्यांचं, कमी धक्क्याचं डबल-ऑट. नऊ दाण्यांच्या काडतुसात एखादा दाणा घोळक्यापासून फटकून जातो, आठमध्ये हे कमी होतं. आणि फ्लाइटकंट्रोलला घट्ट चोक लावू नका. सिलिंडर (न आवळलेला) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (जरासाच आवळलेला) पुरे, घट्ट चोकमधून उलट पसारा वाढतो.

कोणाचं ऐकण्यापेक्षा स्वतः मोजा. घरातलं सगळ्यात लांबचं सरळ अंतर टेपने मोजा. रेंजवर तेवढ्याच अंतरावर पुठ्ठा लावून प्रत्येक काडतुसाचे तीन-तीन बार काढा आणि सगळ्यात बाहेरच्या छर्ऱ्याभोवती मार्करने वर्तुळ ओढा. एकाच कंपनीची दोन काडतुसं एकाच नळीतून वेगळी पसरतात. वर्तुळ आठ इंचांच्या पुढे गेलं की ते काडतूस बाद.

पंपाच्या आवाजाचं म्हणाल, तर त्याने समोरच्याला तुम्ही कुठे उभे आहात एवढंच कळतं. २०१३ मध्ये उपाध्यक्ष असलेल्या बायडन यांनीही असाच सल्ला दिला होता: दुनळी घेऊन बाहेर या आणि दोन बार काढा. बऱ्याच गावांत तो गुन्हा आहे. शिवाय दुनळीचे दोन बार काढल्यावर हातात उरतं काय?

बंदूक कोणती, तर पंपात दोनच नावं खरी: रेमिंग्टन ८७० (१९५० पासूनची) आणि मॉसबर्ग ५००/५९०. मी मॉसबर्ग सांगतो. सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे डावखुऱ्यालाही चालते. मात्र तिला पिस्तूल ग्रिपचा (पिस्तुलासारख्या मुठीचा) दस्ता लावलात तर तोच खटका अंगठ्याच्या आवाक्याबाहेर जातो. ८७० एक्सप्रेसच्या बऱ्याच नगांत चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) खडबडीत आलेलं आहे. त्यात स्वस्त, स्टीलच्या बुडाची काडतुसं फुगून अडकतात आणि पंप मागे येतच नाही. पितळी बुडाची वापरा, नाहीतर बंदूकवाल्याकडून चेंबर पॉलिश करून घ्या.

पंपाचा सगळ्यात मोठा दोष बंदुकीत नसतो, हातात असतो. घाबरलेला माणूस पंप पूर्ण मागे ओढत नाही. रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, किंवा पडतं पण नवं वर येत नाही, आणि चाप ओढल्यावर नुसतं "टक". पलंगाआड गुडघ्यावर बसून ओढताना हे हमखास होतं. उपाय एकच, डमी काडतुसं भरून सराव, ज्या स्थितीत वापरायची त्याच स्थितीत. हे जमणार नसेल तर बेरेटा १३०१ सारखी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्या. मात्र न्यू जर्सीत सहापेक्षा जास्त काडतुसं मावणारी किंवा पिस्तूल ग्रिपची सेमी-ऑटो शॉटगन चालत नाही.

दस्त्याची लांबी कोणी बघतच नाही. कारखान्यातून सव्वाचौदा इंचांच्या आसपास येते, ती सहा फुटी माणसाच्या मापाची. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईच्या खांद्याला ती बसत नाही. मग दंडावर धक्का बसतो, दुसऱ्याच बाराला बंदूक नकोशी होते, आणि नवरा सगळ्यांना सांगतो की हिला भीती वाटते. भीती नाही हो, माप चुकलंय! मॅगपुलचा एसजीए दस्ता स्पेसर (मधल्या चकत्या) काढून लहान करता येतो, तो लावा. पुढचा हात पुढे ढकलायचा, मागचा मागे ओढायचा, म्हणजे धक्का निम्मा जाणवतो. किंवा सरळ वीस बोर (लहान नळीची, कमी धक्क्याची) घ्या.

ठेवताना चेंबरमध्ये काडतूस ठेवू नका. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. बंदूक आपटली तर घोडा सुटू शकतो. चेंबर आणि ट्यूब (नळीखाली काडतुसं भरायची नळी) रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, ॲक्शन बंद करा, सुरक्षित दिशेला रोखून रिकामा चाप ओढा, सेफ्टी लावा, मग ट्यूब भरा. आता पंप ओढला की काडतूस वर येईल, वेगळं बटण दाबावं लागणार नाही. ट्यूबमधली काडतुसं काही महिन्यांनी बदला, स्प्रिंगच्या दाबाने प्लास्टिक चेपतं. पुढच्या मुठीवर दिवा हवाच. अंधारात दिसणारी आकृती कॉलेजातून न सांगता आलेल्या मुलाचीही असू शकते. घरात लहान मुलं असतील तर कुलूपबंद पेटी हवीच. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर न्यू जर्सीत आईबापांवर गुन्हा दाखल होतो.

हे सगळं वाचून वाटेल की मी शॉटगनच्या विरोधात आहे. तसं नाही. नेमका लागलेला डबल-ऑटचा एक बार पिस्तुलाच्या कितीतरी गोळ्यांना भारी पडतो. आणि तुमच्या राज्यात कागदपत्रंही सोपी: फायरआर्म्स आयडी कार्ड मिळालं की शॉटगन घेता येते, हँडगनला मात्र प्रत्येक वेळी वेगळं परमिट लागतं. एका खोलीत सगळ्या कुटुंबाला गोळा करून, दाराकडे तोंड करून पोलिसांची वाट बघायची, असा बेत असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. हातात लांब नळी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून चोर शोधत फिरायचा बेत असेल तर घेऊ नका. पण त्या बेताला हँडगनही नको.

एच-वन-बीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ग्रीन कार्डावर बंदूक घेता येते. एच-वन-बीवर फेडरल कायद्याने एरवी मनाई आहे, मात्र अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. राज्याचे नियम याउपर वेगळे, ते आधी तपासा. फॉर्म ४४७३ वर (बंदूक घेताना दुकानात भरायचा फेडरल फॉर्म) खोटं उत्तर दिलंत तर तो फेडरल गुन्हा आहे आणि व्हिसाही जाईल. मंडळातल्या कोणी "अरे, काही होत नाही" म्हटलं तरी.