मॉनिटर हिरवा, तरी ऑर्डर बंद: वेबसाइटवर नजर नक्की कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात दांडिया बाजारात फराळाचं दुकान आहे, वेबसाइटवर ऑर्डर घेता. रात्री साइट बिघडते आणि सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला की कळतं. साइट चालू आहे का ते सतत तपासणारा मॉनिटर लावलेला आहे, पण तो कायम हिरवा, म्हणजे 'सगळं ठीक'.

मीही बडोद्यातच असतो आणि इथल्या काही दुकानांच्या साइट सांभाळतो. तुमचा मॉनिटर खोटं बोलत नाहीये. त्याला विचारलेलंच कमी आहे. तो होमपेज मागतो, २०० हा ('पान ठीक मिळालं' असा) कोड मिळाला की समाधान मानतो. होमपेज बहुतेक वेळा कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून येतं, त्यामुळे डेटाबेस आडवा झाला तरी ते दिसत राहतं. ऑर्डरच्या पानाला मात्र डेटाबेस लागतोच. म्हणून गिऱ्हाईक ज्या पानावर अडतं, तेच पान तपासायला लावा.

त्यासाठी कीवर्ड मॉनिटर घ्या: पानात ठरवलेला शब्द सापडला नाही तर तो गजर करतो. अपटाइम रोबोट या सेवेत ही सोय आहे, अपटाइम कुमा या प्रोग्राममध्येही आहे. कुमा फुकट आणि ओपन सोर्स आहे, पण चालवायचा स्वतःच. शब्द पानाच्या तळाकडचा निवडा. 'चकली' वर मेन्यूतच असेल, आणि पान अर्ध्यात तुटलं तरी तो सापडेल. 'ऑर्डर नक्की करा' हे बटण शेवटी असेल तर तेच शब्द द्या. आधी ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून ते शब्द तिथे आहेत ना ते बघा. बटण जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) नंतर येत असेल तर सोर्समध्ये ते नसतं, आणि असे मॉनिटर जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. तसं असेल तर साइट बनवणाऱ्याकडून एक छोटा हेल्थचा पत्ता, म्हणजे साइटची तब्येत सांगणारं पान, करून घ्या: डेटाबेसला एक साधी क्वेरी टाकायची, उत्तर आलं तर २००, नाही तर ५०३ ('सेवा बंद') हा कोड. त्या पत्त्यावर कॅश अजिबात नको. मॉनिटरमध्ये पान मागण्याची (रिक्वेस्टची) पद्धत 'हेड' ठेवली असेल तर 'गेट' करा, कारण हेडमध्ये पानाचा मजकूर येतच नाही.

कुमा दुकानाच्या साइटच्याच सर्व्हरवर टाकू नका, सर्व्हर गेला की पहारेकरीही गेला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरही नको, वीज किंवा नेट गेलं की साइट पडल्याचा उगाच गजर होईल. दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला सर्व्हर पुरतो.

तपासणी दर मिनिटाला ठेवा, पण एका चुकलेल्या उत्तरावर गजर नको. लागोपाठ दोन-तीनदा चुकलं तरच. उगाच वाजणाऱ्या गजराकडे आठवड्याभरात कोणी बघेनासं होतं, आणि माझ्या मते गजर नसण्यापेक्षा ते वाईट.

साइटचं कनेक्शन सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणाऱ्या एसएसएल सर्टिफिकेटची मुदतही त्याच मॉनिटरमध्ये तपासायला लावा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण ते काम गुपचूप बंदही पडतं. मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा ती आठवण आता आपणच ठेवायची. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपायची तारीखही बघून ठेवा.

रात्रीच्या बॅकअपसाठी उलटा मॉनिटर मिळतो, कुमात त्याला पुश म्हणतात: बॅकअप झाला की स्क्रिप्टनेच 'झालं' असं कळवायचं, ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर गजर.

निरोप फक्त ईमेलवर नको, रात्री दोन वाजता ईमेल कोण बघतं? टेलिग्रामवर घ्या आणि फोनच्या डू नॉट डिस्टर्बमधून त्याला सूट द्या. घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही जाऊ द्या, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर नक्कीच. सगळं लावून झालं की मॉनिटरमध्ये मुद्दाम चुकीचा कीवर्ड टाका आणि फोन खरंच वाजतो का बघा. वाजला की कीवर्ड पुन्हा बरोबर करायला विसरू नका. ऑर्डरचं पान जावास्क्रिप्टवर चालतं की नाही ते कळवलंत तर हेल्थच्या पत्त्यात नेमकं काय तपासायचं तेही लिहून देतो.