"अक्का, दूध पुरंना झालंय"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरभेटींना गेले की हे वाक्य हमखास कानावर येतं. ही नंदगडच्या बाजूच्या एका गावातली पहिलटकरीण, बाळ 45 दिवसांचं. "संध्याकाळ झाली की रडालंय, सोडतच नाही. छाती पण मऊ पडलीय. दूध आटलं बघा." चार दिवसांपूर्वी सासूबाईंनी पावडरचा डबा आणला होता, आणि तो महिनाभर जावा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त घालत होत्या. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अशा पातळ दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही.

मी विचारलं, "डबा यायच्या आधी दिवसाला दुपटी किती भिजायची?"

"आठ-दहा तरी."

मग तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड, मागितलं. ते कन्नडमध्ये आणि ती मराठी शाळेत शिकलेली, म्हणून कार्ड पिशवीतच पडून होतं. पण आकडे तर वाचता येतात! जन्माचं वजन 2.6 किलो, डबा आणायच्या आदल्या दिवशी लसीला नेलं तेव्हा 3.7. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं तर छानच. "हे अकराशे ग्रॅम कुणाच्या दुधाचे गं?" म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले.

महिना-दीड महिन्यानंतर छाती मऊ लागते, कारण बाळाला लागेल तेवढंच दूध तयार व्हायची अंगाला सवय होते. संध्याकाळी बरीच बाळं सारखी पाजायला मागतात. तेव्हा बाटली दिली तर ओढणं कमी होतं आणि मग खरंच दूध घटतं. रात्रीचं पाजणं तर मुळीच चुकवू नये.

सासूबाईंना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. रात्र-रात्र त्याच बाळाला घेऊन बसत होत्या. पण सुनेच्या ताटात मऊभात आणि मिरपूडच, पाणीही मोजून, का तर पोट सुटेल. "मावशी, तिला दुप्पट नको, पण पोटभर हवं," म्हटलं. नाचणीची आंबील, डाळ, शेपू-मेथी, अंडं, तहान लागेल तेव्हा पाणी. अंगणवाडीत 2017 पासून मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण बाळंतिणीलाही असतं. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही म्हणून तिचं ते थांबलं होतं. लोहाच्या गोळ्याही बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात, त्या फळीवर तशाच होत्या.

दिवसात सहापेक्षा कमी दुपटी भिजली, बाळ सुस्त पडलं, ओढेना किंवा वजन अडलं, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा, असं दोघींना बजावून आले.

दहा दिवसांनी वजन 3.9 भरलं. डबा बंद होता. संध्याकाळचं रडणं तेवढं राहिलंय; तीन-चार महिन्यांत ते ओसरतं, हे सांगून ठेवलंय. तोवर त्या वेळचा सैपाक सासूबाई बघतात आणि ती बाळाला घेऊन सोप्यात बसते.