मोठं पाकीट, छोटं पाकीट: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

घरखर्चाचा सल्ला देताना एक गोंधळ मला पुन्हा पुन्हा भेटतो: घाऊक स्टोअरमधून एकदम भरलेलं सामान स्वस्त पडतं की नेहमीच्या दुकानातून लागेल तसं आणलेलं? या वेळी त्यातलेच काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं ना?

नाही.

प्रश्न : मग दुकानात उभ्या उभ्या तुलना करायची कशी? प्रत्येक पाकिटाचं वजन वेगळं असतं.

किंमत भागिले वजन, एवढंच. ५०० ग्रॅमचं पाकीट ६० ला असेल तर किलोचा दर १२० झाला. शेजारचं २ किलोचं 'महाबचत' पाकीट २५० ला असेल तर किलोला १२५ पडले. म्हणजे मोठं महाग. हे अपवादाने घडत नाही. छोट्या पाकिटावर सूट चालू असते तेव्हा तर बरेचदा घडतं.

युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशानुसार एकक-दर (म्हणजे किलोमागचा किंवा लिटरमागचा दर) दाखवणं बंधनकारक केलं, ते उगाच नाही. तुमच्याकडे फळीवरच्या चिठ्ठीवर असा दर बारीक अक्षरात लिहिलेला असेल तर तोच वाचा. मात्र दोन्ही चिठ्ठ्यांवरचं माप एकच आहे ना, ते पाहा. एकीवर १०० मिलीचा दर आणि दुसरीवर लिटरचा, असं असलं की घाईत फसगत होते. कपडे धुण्याच्या पावडरीत तर किलोचा दरही पुरेसा नाही, कारण एक पावडर चमचाभर लागते आणि दुसरी वाटीभर. तिथे एका धुण्याचा खर्च काढा. 'एका ग्राहकाला फक्त ५ नग' अशी पाटी दिसली तर आपल्याला किती हवेत ते आधी ठरवा, मगच हात पुढे करा. त्या पाटीमुळे लोक २ च्या जागी ५ उचलतात.

प्रश्न : घाऊक स्टोअरच्या सभासदत्वाची फी भरायला लागून तीन वर्षं झाली. फायदा होतोय की नाही, कधी पाहिलं नाही. मैत्रिणी म्हणतात, होतोच.

मैत्रिणींच्या सांगण्यावर तीन वर्षं फी भरलीत, पण एकदाही बिलं काढून पाहिली नाहीत? आज पाहा.

फी १,००० असेल आणि तिथे सरासरी १० टक्के कमी पडत असतील, तर वर्षाला १०,००० ची खरेदी झाल्यावर फी कुठे वसूल होते. बचत त्यानंतर सुरू होते. या हिशेबात फक्त एरवीही घेतलंच असतं ते सामान धरायचं. तिथे दिसलं म्हणून घेतलेलं काही मोजायचं नाही. जाण्यायेण्याचं इंधन मात्र खर्चात धरायचं. १९७६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोत 'प्राइस क्लब' हे फक्त सभासदांसाठीचं घाऊक स्टोअर सुरू झालं, तेव्हापासून या धंद्याची घडण अशीच आहे: मालावर नफा थोडा, कमाईचा मोठा आधार सभासदांची फी. सवलत खोटी नसते, पण ती मिळवायला तुम्ही आधीच पैसे मोजलेले असतात. फी आपोआप कापली जात असेल तर बँकेत विचारून ती कापण्याची सूचना कशी थांबवायची ते समजून घ्या.

प्रश्न : तेल, पीठ, मसाले एकदम सहा महिन्यांचे भरले तर? मुदत तर वर्षभराची लिहिलेली असते.

हा प्रश्न वाचला की मला थांबवत नाही. ती मुदत बंद पाकिटाची असते! पाकीट फोडलं की घड्याळ वेगळं चालू लागतं. तेलाला हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. कोंड्यासकटच्या पिठात धान्याच्या अंकुरातलं तेल असतं, म्हणून ते मैद्यापेक्षा लवकर बिघडतं. दळलेल्या मसाल्याचा वास अख्ख्या मसाल्याच्या कितीतरी आधी उडून जातो. मीठ आणि साखर कोरडी राहिली तर टिकतात, ती खुशाल भरा. पण पातळ ब्लीच भरू नका, नुसतं ठेवूनही त्याचा जोर महिन्यांगणिक कमी होत जातो.

माझ्या स्वतःच्या घरात एकदा तेलाचा मोठा डबा अर्धा उरला असताना खवट झाला आणि ओतून द्यावा लागला. तेव्हापासून मी विकत घेतलेल्या किलोचा दर पाहत नाही, वापरलेल्या किलोचा पाहते. घाऊक माल २० टक्के स्वस्त मिळाला आणि त्यातला २० टक्के फेकला, तर तुम्ही बरोबरीत आलात. त्याहून जास्त फेकला तर किरकोळ दुकानापेक्षा महाग पडला. शिवाय घरात भरपूर आहे म्हटलं की हात सैल होतो. ती उधळपट्टी बिलात कुठेच दिसत नाही. म्हणून डब्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि किती वापरलं, किती फेकलं याची दोन महिने नोंद ठेवा. घरात कुणाचा आजार किंवा पथ्य असेल तर साठा करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वेदनाशामक गोळ्यांची मोठी बाटली आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे तिथे खूप स्वस्त आहेत. घेऊ?

गोळ्या नकोत. घरात मुलं असतील तर मुळीच नकोत. किती आणि कोणत्या ठेवायच्या, ते औषध विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारा. बाळाची पावडर डबा उघडल्यावर साधारण महिन्याभरात संपवायची असते, आणि बाळाला ती मानवेल की नाही, हेही आधी कळत नाही. बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय एकाहून जास्त डबा नको.

प्रश्न : हाताशी रोख नाही. क्रेडिट कार्डावर एकदम भरलं तर बचत होईल ना?

महिनाअखेरीस पूर्ण बिल फेडणार असाल तर हो. नाहीतर नाही. व्याज महिन्याला ३ टक्के असेल, तर १० टक्क्यांची सूट चार महिन्यांत संपते आणि वर पदरचे जातात. आधीच थकबाकी असेल तर खरेदी बाजूला ठेवून कर्ज-सल्लागाराला गाठा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न : शेजारच्या कुटुंबाबरोबर अर्धं अर्धं वाटून घेतलं तर?

जरूर घ्या. लहान घरांसाठी मला हाच मार्ग सर्वांत पटतो. वाटणी त्याच दिवशी, वजनकाट्यावर करा आणि मूळ वेष्टणावरच्या तारखा व घटक दोन्ही घरांत लिहून ठेवा. त्यांच्याकडे कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा.