बंद घर, उघडा कॅमेरा

प्रश्न : घर गुहागरला, आम्ही डोंबिवलीत. गणपती आणि शिमगा सोडला तर घराला कुलूपच. चार वायफाय कॅमेरे कंपनीच्या अ‍ॅपवर बघतो. मुलगा म्हणतो, कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडा. मग मला इथून दिसणार कसं?

उत्तर : मुलाचं म्हणणं रास्त आहे, आणि तुमची शंकाही. आज कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि तुमचा फोनही त्याच सर्व्हरशी. म्हणजे स्वतःचं अंगण बघायला मध्ये तिऱ्हाईत. ही वाट उलटी करा : कॅमेऱ्याने बाहेर पडायचं नाही, तुम्हीच घरात शिरायचं.

राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्या आणि त्या आयपींचं बाहेर जाणं बंद करा. घरात एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, ठेवा. कॅमेरे ओनव्हिफवाले (ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामाईक बोली) असतील तर तो ते ओळखतो. एनव्हीआरमधली पीटूपी किंवा क्लाउड ही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणारी सोय आठवणीने बंद करा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं. मग डोंबिवलीहून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्याने, घरच्या नेटवर्कमध्ये या. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन काही राउटरमध्येच असतं.

मेख पुढे आहे. बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, अनेक गिऱ्हाइकांत एकच वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून घराला हाक मारता येत नाही. स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी विकत घ्या, किंवा घरी छोटा संगणक ठेवून त्यावर टेलस्केल हे सार्वजनिक आयपीशिवाय चालणारं व्हीपीएन चालवा. कोणी ‘पोर्ट फॉरवर्ड करून देतो’, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांना कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट उघडून देतो, म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने साठेक फॅक्टरी पासवर्ड आजमावत असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) लाखांनी ताब्यात घेतले होते.

प्रश्न : मालवणला आमचा होमस्टे आहे. कॅमेरे गेस्ट वायफायवर टाकलेत. म्हणजे वेगळे झाले ना?

उत्तर : नाही हो. गेस्ट नेटवर्क घरच्या संगणकांपासून तोडतं, इंटरनेट मोकळंच ठेवतं. वर त्याचा पासवर्ड तुम्ही पाहुण्यांसाठी भिंतीवर लावला असणार.

प्रश्न : देवगडला कलमांच्या बागेत कॅमेरे आहेत. नेट तोडल्यापासून वेळ चुकते. पेट्या रात्री चोरीला गेल्या, रेकॉर्डिंगवर दुपार!

उत्तर : कॅमेरा घड्याळ इंटरनेटवरून लावून घेत होता. स्वस्त कॅमेऱ्यात बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की तो थेट 1970 सालात जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या एनटीपी (घड्याळ जुळवण्याच्या) रकान्यात एनव्हीआरचा आयपी टाका, आणि एनव्हीआरचं घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की हीच दोन मिनिटं उपयोगी पडतात.

प्रश्न : हे सगळं केलं. तरी रात्री चित्र पांढरंफटक. हॅक झाला असेल का?

उत्तर : कोळी. रात्री दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो इन्फ्रारेडचा उजेड काचेसमोरच्या जाळ्यावर आपटून परत येतो. झाडू फिरवा. आणि वर चढलाच आहात तर वायरचा जोडही बघा, खाऱ्या हवेने हिरवा पडला असेल.